तालमीच्या मागच्या खोलीतल्या अंगठेबाई

अंगठेबाई माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याची जितकी चौकशी करीत, तितकी चौकशी आमच्या पेठेत सोयरीक जुळवतानाही होत नाही. काय खाल्लेत, केव्हा खाल्लेत, रात्री झोप लागली का, अंगात ताप आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, कुठे टाके पडले आहेत, कोणते हाड कधी मोडले होते, आणि हे सगळे डॉक्टरांना ठाऊक आहे की घरच्यांपासूनही लपवले आहे, हे सारे त्या चटईच्या कडेला मांडी घालून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत विचारीत. उत्तर देणारा नगरसेवक असो की नारळवाला, कुणालाही सूट नव्हती. एखाद्याने कंटाळून "बाई, आता दाबा की!" म्हटले, तर त्या शांतपणे म्हणत, "तिकीट फाडल्याबिगर शीट नाय."

'अंगठेबाई' हे नाव पेठेने दिले. पेठेची समजूत अशी, की त्यांच्या अंगठ्यांत विलक्षण ताकद होती. मी आयुष्यभर तालमीत ताकदीचे अंगठे पाहिले आहेत, आणि म्हणून ठामपणे सांगतो, की बाईंचे अंगठे चारचौघींसारखेच होते. उजवा तर थोडा वाकडाच. मी एकदा त्यांच्यासमोर हा विषय काढला, तेव्हा त्या हसत सुटल्या. "जोर लावून होत असतं, आबा, तर हमालांनी दवाखाने काढले असते. अंगठा नुसता टेकवायचा. मग आपण त्याच्यावर सावकाश कलायचं. वजन आपलं आपण उतरतं." त्यांना मात्र ते नाव आवडे. कुणी 'मॅडम' म्हटले, की त्या मागे वळून पाहत. आपल्या पाठीमागे कुणी मॅडम उभी आहे की काय, अशा आविर्भावात.

हे सगळे लिहायला मी का बसलो, ते स्पष्ट सांगतो. गेल्या महिन्यात बाईंच्या निरोपाचा समारंभ आमच्या तालमीत झाला. आमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी त्यात भाषण केले, आणि भर सभेत सांगितले, की शियात्सूसारखी अंग दाबण्याची जपानी विद्या तालमीत आणण्याचे श्रेय ते स्वतः घेत नाहीत, लोकच ते त्यांना देतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तालमीचा चिटणीस आहे. भाऊसाहेब आणि मी एकाच हौद्यातल्या मातीत वाढलो, आणि मिसरूड फुटल्यापासून आमचे एकाही गोष्टीवर एकमत झालेले नाही. ते मोठे वक्ते आहेत. मला बोलता येत नाही, पण आठवते. म्हणून लिहितो.

प्रथम त्या जपानच्या कथेचा निकाल लावू. पेठेत निम्मे लोक सांगतात, की बाई तीन वर्षे जपानला राहून आल्या. बाईंनी जपान सोडाच, मुंबईपलीकडचा समुद्रही पाहिलेला नव्हता. त्या एसटीत कंडक्टर होत्या, आणि नाशिक-वणी ही गाडी त्यांनी अर्धे आयुष्य केली. सातपूरच्या एका कारखान्यात तेव्हा एक जपानी इंजिनियर कामासाठी आला होता. त्याच्या बायकोला घरात बसवत नसे. ती अधूनमधून बाईंच्याच गाडीने वणीला जाई, डोंगर पाही आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई. एकदा वणीच्या स्टँडवर बाईंची कंबर धरली, ती त्यांना बाकावरून उठता येईना. त्या परक्या बाईने काही न बोलता त्यांना बाकावर पालथे झोपवले, आणि साऱ्या स्टँडच्या देखत पाठीवर अंगठे टेकवले. "अर्धा तास गाडी लेट झाली," बाई सांगत, "आन पहिल्यांदा कुणी शिव्या दिल्या नाय. सगळे बघत बसले." त्यानंतर ती जपानी बाई नाशकात होती तोवर बाई दर साप्ताहिक सुट्टीला तिच्या बंगल्यावर जात. एकीला मराठी येत नव्हते, दुसरीला जपानी. दोघी एकमेकींच्या पाठीवर शिकल्या. शियात्सू या शब्दाचा अर्थ बोटांचा दाब, एवढीच जपानी भाषा अंगठेबाईंना अखेरपर्यंत येत होती, आणि तेवढे पुरे, असे त्यांचे मत होते.

निवृत्तीनंतर त्या नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर राहत आणि तिथेच लोकांची अंगे दाबून देत. पण ज्यांना गरज, त्यांनाच जिने चढवत नसत. शिवाय शेजाऱ्यांनी तक्रार केली, की जिन्यावर परक्या पुरुषांची ये-जा असते. तेव्हा बाई आमच्या मंडळाकडे आल्या. तालमीच्या मागे, बोळाकडे स्वतंत्र दार असलेली एक खोली आहे. तिच्यात त्या वेळी मोडके मुद्गल आणि गणपतीच्या मांडवाचे सामान पडलेले होते. ती खोली सकाळपुरती मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

ती बैठक मला लख्ख आठवते. आम्ही पाच विश्वस्त सतरंजीवर बसलो होतो आणि बाई दारात उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी, आज ज्यांना लोक श्रेय देतात त्या भाऊसाहेबांनी, पहिलेच वाक्य उच्चारले, "मारुतीच्या जागेत बाई? आणि तीही मसाजवाली? हायवेवर कसल्या कसल्या पाट्या लागतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?" मी त्या वेळी बाजूने बोललो नाही आणि विरुद्धही बोललो नाही. मी प्रश्न विचारले, कारण चिटणिसाचे कामच ते. मी विचारले, खोलीचे दार कोणत्या दिशेला? बोळाकडे. मारुती तिथून दिसतो का? नाही. मग बाईंनाच विचारले, "तुम्ही नेमके करता काय?"

"कपडे अंगावरच राहतात," बाई म्हणाल्या. "तेल नाय, काय नाय. जमिनीवर गादी, वर चादर. दार उघडं, नुसता पडदा. पाटीवर मसाज असं लिहिणार नाय. आणखी काय सांगू?"

"सांगू नका, करून दाखवा," भाऊसाहेब म्हणाले. "इथेच. सगळ्यांसमोर."

बाईंनी मान हलवली. "नाय दाखवायची. माणूस चटईवर पडला, की तो अध्यक्ष नसतो, कुणाचा बाप नसतो. ते चारचौघांनी बघायचं नसतं. ज्याला शंका असंल त्यानं सकाळी यावं. एकट्यानं. रिकाम्या पोटी, ढगळ कपड्यात. आन आपली दुखणी आठवून यावं."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर लेकीकडं जाईन सटाण्याला. कांदे निवडीन. मला कशाची कमी नाय, भाऊसाहेब. हात तेवढे रिकामे राहतील."

शेवटी पुढच्या बैठकीपर्यंत खोली वापरू द्यावी आणि त्या बैठकीत कायमचा निर्णय घ्यावा, असे ठरले. हा मध्यम मार्ग सुचवला मी. भाऊसाहेब म्हणतील, त्यांनी. म्हणू देत.

आता माझ्या खांद्याविषयी. माझा उजवा हात त्या वर्षी खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. सदरा घालताना मुलगा बाही धरून उभा राही. ज्याने ऐन उमेदीत भल्याभल्यांना चितपट केले, त्याला स्वतःच्या सदऱ्याने हरवावे, हे मला सहन होत नव्हते. डॉक्टरांनी व्यायाम दिले होते, ते मी करीत होतो. (करीत नव्हतो, असे मुलगा सांगतो. तो सकाळी आठपर्यंत झोपतो; त्याने काय पाहिले?) बैठकीनंतर तीन-चार दिवसांनी मी पहाटेच बोळाच्या दाराने त्या खोलीत गेलो. उद्देश तपासणीचा होता. चिटणिसाने खात्री करून घ्यायला नको का?

त्या सकाळविषयी पेठेत ज्या कथा आहेत, त्यांतली पहिली अशी, की मी लंगोट लावून आणि तेलाची बाटली घेऊन गेलो. तेलाची बाटली होती. तिळाच्या तेलाची, घाण्याची, खात्रीची. आम्हा तालमीतल्या लोकांना अंग चोळायचे म्हणजे तेल, एवढेच ठाऊक. लंगोट मात्र मी लावला नव्हता. ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट आहे, आणि ती कुणाची, याचा मला दाट संशय आहे. बाईंनी बाटली हातात घेतली, वास घेतला, "झकास हाय," म्हणाल्या आणि कोनाड्यात ठेवून दिली. "घरी जाताना न्या. भाजीत घाला."

मग चौकशी सुरू झाली. काय खाल्ले, या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले. येताना वाटेत मिसळ खाल्ली होती, कारण पहाटे उठल्यावर भूक लागते, आणि कारण ती पेठेतली मिसळ आहे. बाईंनी कपाळाला हात लावला.

"तर्री किती?"

"दोनदा."

"उठा," त्या म्हणाल्या. "पोटात वणवा पेटवून आलात, आन मी वरून दाबू? उद्या या. उद्या फक्त पाणी पिऊन या. मिसळ कुठं पळून जात नाय." मग आणखी म्हणाल्या, "लाजू नका, आबा. नाशिकचा माणूस हाय. निम्मे असेच येतात."

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या पोटी गेलो. पायजमा, जुना सुती सदरा. घड्याळ, चष्मा, गळ्यातली साखळी त्यांनी एका वाटीत काढून ठेवायला लावली. औषधांची नावे विचारली. माझी रक्तदाबाची गोळी त्यांनी दोनदा विचारून घेतली. मग मला कुशीवर, दुखरा खांदा वर करून झोपवले, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि एक शेवटची गोष्ट सांगितली, जी मी आज प्रत्येक नवख्याला सांगतो.

"तळहात चटईवर आपटायचा. एकदा म्हणजे बेल, गाडी थांबवा. दोनदा म्हणजे डबल बेल, जाऊ द्या. दुखलं की एक बेल. समजलं?"

समजले होते. पण त्या खांद्यामागच्या एका जागी आल्या, तेव्हा मी बेल दिली नाही. दुखले. सणकून दुखले. मी दात दाबून पडून राहिलो, कारण मातीत पाठ टेकेपर्यंत 'थांब' म्हणायचे नाही, हे आमच्या उस्तादांनी शिकवले होते. बाईंचा अंगठा आपोआप थांबला.

"आबा, तोंड गप हाय, पण पायाची बोटं बोंबलतायत."

मी म्हणालो, "मला काही होत नाही. चालू द्या."

त्या उठून माझ्या तोंडासमोर येऊन बसल्या. "आमच्या गाडीत एक म्हातारी असायची. तिचा स्टॉप आला तरी बोलायची नाय. पुढच्या गावाला गेली, की मग माझ्याशी भांडायची, मला उतरवलं का नाय म्हणून. तसं करू नका. चांगलं दुखणं असतं, हवंहवंसं, ते चालतं. श्वास अडला, की ते वाईट. ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? मी काय तुमच्या अंगात येऊन बसलीय? ही कुस्ती नाय. इथं कोण हरत नाय."

त्यानंतर त्या पुन्हा त्या जागी आल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हात आपटला. पेठेतली दुसरी कथा अशी, की मी इतका ओरडलो, की तालमीच्या छपरावरची कबुतरे उडाली. मी ओरडलो नाही. तळहात चटईवर आपटला, की रिकाम्या खोलीत मोठा आवाज होतो. कबुतरे उडाली असतील. कबुतरे कशानेही उडतात. आवाज होताच दाब तत्काळ हलका झाला, आणि माझा श्वास असा काही सुटला, की इतके दिवस मी तो कुठे धरून ठेवला होता, याचेच मला नवल वाटले. पुढचा अर्धा तास मी जागा होतो, असे मी म्हणतो. बाई म्हणत, "घोरत होतात." बाईंशी मी वाद घालत नाही.

उठवतानाही त्यांची रीत होती. ताडकन उठू देत नसत. आधी कूस, मग बसणे, मग भिंतीला टेकून कोमट पाणी. लगेच स्कूटर चालवायची नाही, दिवसभर दगदग करायची नाही. अंग थोडे जड झाले किंवा दुसऱ्या दिवशी ठणकले, तर घाबरायचे नाही. पण दुखणे वाढतच गेले, तर कळवायचे. आणि पहिल्या वेळेनंतर आठवडाभर चहा बंद. हा चहाचा नियम जपानातला की वणीच्या गाडीतला, हे मला माहीत नाही. आमचे डॉक्टर त्यावर हसले. पण बाईंचा नियम तो नियम. बाहेर पडताना मी म्हणालो, "मी आलो होतो, हे भाऊसाहेबांना सांगू नका."

"कुणाच्या अंगाची गोष्ट कुणाच्या कानात जात नाय इथून," बाई म्हणाल्या. "तुम्ही आला होता, हे मी तुम्हालासुद्धा सांगणार नाय."

दुसऱ्याच दिवशी बैठक होती. बाई बाहेर ओट्यावर, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खोली मिळाली तर किल्ली घ्यायची, नाही तर सटाण्याची गाडी धरायची, असे त्यांनी ठरवले होते. पिशवीत दोन लुगडी होती, ती मी पाहिली. मी मनाशी भाषणाची जुळवाजुळव करीत होतो. भाऊसाहेब विरोध करणार, उरलेले दोघे नेहमीप्रमाणे भाऊसाहेबांकडे पाहणार, आणि इस्माईलभाई, आमचे जुने उस्ताद, मध्ये काहीतरी मिटवामिटवीचे बोलणार. म्हणजे खोली गेली.

टपरीवरून चहा आला. पाच ग्लास सतरंजीच्या मधोमध ठेवले गेले. मी घेतला नाही. मला मनाई होती. मी भाऊसाहेबांना म्हणालो, "घ्या ना."

"नको. पित्त झालंय."

ज्या माणसाला मी चाळीस वर्षांत चहाला नाही म्हणताना पाहिले नव्हते, त्याला पित्त! मी इस्माईलभाईंकडे पाहिले. "उस्ताद, तुम्ही तरी घ्या."

"आज मन नाय बेटा. तब्येत जरा... नको."

उरलेल्या दोघांपैकी एकाचा उपास निघाला, दुसऱ्याची साखर वाढली होती. पाच ग्लास तिथेच होते. वाफ निघत होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. मग भाऊसाहेबांनी बसल्या बसल्या खांदा हळूच मागे फिरवून पाहिला, अगदी नकळत, नवा सदरा अंगाला बसतो की नाही ते पाहावे तसा. इस्माईलभाईंनी ते पाहिले. त्यांच्या पांढऱ्या दाढीत आधी काहीतरी हलले, मग त्यांचे पोट हलू लागले, आणि मग तो सत्तरीचा पैलवान सतरंजीवर आडवा होऊन हसू लागला.

"या अल्ला! सगळेच? अरे, सगळेच जाऊन आले की रे!"

"काय सगळेच?" भाऊसाहेब गरजले. "मला पित्त झालंय!"

"हो हो, भाऊ. मला पण तेच झालंय. डाव्या खांद्याला."

आम्ही पाचही जण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. भाऊसाहेबही हसले, ते नाकारतात, पण हसले. हसणे ओसरल्यावर ते घसा साफ करून म्हणाले, "पुढचा विषय घ्या." मी म्हणालो, "आधी हा तर संपवा." ते म्हणाले, "संपला की! द्या किल्ली." एवढेच त्यांचे योगदान. 'द्या किल्ली.' त्या दोन शब्दांवर त्यांनी निरोप समारंभात पाऊण तासाचे भाषण केले.

मी किल्ली घेऊन ओट्यावर गेलो. बाईंनी आतले हसणे ऐकले होते, आणि आपलीच टिंगल चालली आहे, असे त्यांना वाटले होते. त्या पिशवी उचलून उभ्याही राहिल्या होत्या. मी किल्ली पुढे केली, तेव्हा त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी हात पदराला पुसले. आणि मग एकदम कंडक्टरच्या आवाजात म्हणाल्या, "ते मोडके मुद्गल उचला. मला जागा लागंल."

त्यानंतर त्या खोलीने जी वर्षे पाहिली, ती आमच्या पेठेची चांगली वर्षे होती. सातपूरहून पाळी संपवून कामगार येत, फुलबाजारातल्या बायका येत, शिवणयंत्रावर मान मोडलेले शिंपी येत. बाई जितक्यांना दाबीत, जवळजवळ तितक्यांना परत पाठवीत, हे मात्र कुणी सांगत नाही. ताप असेल तर परत. अंगावर पुरळ असेल तर परत. पोटुशी बाई आली, तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारून ये. एका बिल्डरच्या पोटरीला सूज होती आणि हात लावला तर गरम लागत होती. तो म्हणाला, हवे ते घ्या, पण आत्ता दाबून द्या. बाईंनी त्याला त्याच पावली दवाखान्यात पिटाळले आणि बरोबर इस्माईलभाईंना दिले, न जाणो वाटेतून परत फिरेल म्हणून. तो बरा होऊन पेढे घेऊन आला, तेव्हा पेठेत बोभाटा झाला, की बाईंनी नुसते पाहून त्याला वाचवले. बाई संतापल्या. "मी काय वाचवलं? डॉक्टरनं वाचवलं. मी फक्त गाडीत घेतलं नाय."

अशाच आणखी कथा आहेत. बाईंनी लकवा घालवला, बाईंनी मुतखडा पाडला. सगळ्या खोट्या. आजार काढणे आपले काम नाही, हे त्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावीत. "अडकलेलं थोडं सैल करते. मोडलेलं असंल तर डॉक्टर." माझा खांदादेखील त्यांनी चमत्काराने उघडला नाही. अख्खा हिवाळा गेला, आणि डॉक्टरांनी दिलेले व्यायाम मी करतो की नाही, हे त्या दर वेळी तपासून पाहत. त्यांच्यापुढे खोटे चालत नसे; खांद्यावर नुसता हात ठेवून त्या म्हणत, "काल टाळलंत." पण उन्हाळा लागता लागता एका सकाळी मी सदरा घातला आणि मुलगा बाही धरायला आला, तेव्हा सदरा अंगात गेलेला होता. त्याने पाहिले, एवढे पुरे होते.

पुढे बाईंचेच अंगठे दुखू लागले. दुसऱ्यांना जे विचारीत, ते त्यांनी स्वतःला विचारले, आणि स्वतःलाच परत पाठवले. पेठेतल्या दोन सुनांना त्यांनी शिकवून तयार केले होते. एक आमच्या शेजारची, दुसरी इस्माईलभाईंची. खोली आता त्या दोघी चालवतात, आणि चौकशी तितकीच कडक करतात. बाईंना लेक बोलावत होती. या वेळी त्या जात होत्या ते कुणी नाही म्हटले म्हणून नव्हे. समारंभात बाईंना फेटा बांधण्याचा मान माझ्याकडे आला, आणि मी तो दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा बांधला. भाऊसाहेबांच्या भाषणापेक्षा तो अधिक लोकांच्या लक्षात राहिला असावा.

दुसऱ्या दिवशी जावई जीप घेऊन आला. सामान थोडकेच होते. पेठेतल्या बायकांनी ओटी भरली, सुना रडल्या, बाईंनी त्यांना रागावून गप्प केले. जीप सुरू झाली, तेव्हा मी खिडकीशी गेलो. इतकी वर्षे एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली होती. त्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाचही जण चोरून गेलो होतो, हे चहाने सांगितले. पण आधी कोण गेले, हे कुणालाच ठाऊक नव्हते. भाऊसाहेब गावभर सांगत, की पहिले ते. ठाऊक होते फक्त बाईंना.

"बाई," मी म्हणालो, "आता तरी सांगा. तुम्ही निघालात. आधी कोण आलं होतं? मी की भाऊसाहेब?"

भाऊसाहेब कधी माझ्या मागे येऊन उभे राहिले, मला कळले नाही. तेही वाकून उत्तराची वाट पाहत होते.

बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिले. मला वाटले, आता सांगतील. पण त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आधी माझा खांदा चाचपला, मग भाऊसाहेबांचा, आणि समाधानाने मान हलवली.

"भांडा," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं भांडताय, तोवर मला तुमच्या तब्येतीची काळजी नाय."

जीप बोळातून वळली आणि दिसेनाशी झाली. मी म्हणालो, "पाहिलंत? खांदा आधी माझा चाचपला."

"त्याचा काय संबंध?" भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही पुढे घुसला होता!"

आणि आम्ही भांडत भांडत तालमीकडे निघालो.